फ्रेडरिक लुईस मेटलंड

सर फ्रेडरिक लुईस मेटलंड (७ सप्टेंबर, १७७७ – ३० नोव्हेंबर, १८३९) हे ब्रिटिश शाही नौदलातील अधिकारी होते. १५ जुलै, १८१५ रोजी फ्रान्सचा पदच्युत सम्राट नेपोलियन बोनापार्ट याने ज्या युद्धनौकेवर स्वतःला इंग्रजांच्या स्वाधीन केले, त्या 'बेलेरोफॉन' नौकेचे ते कॅप्टन होते. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या प्रारंभी, जुलै १८३७ मध्ये, रिअर अ‍ॅडमिरल मेटलंड यांची ईस्ट इंडीज व चीन ठाण्याच्या सरसेनापतिपदी नेमणूक झाली. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'वेलस्ली' ही त्यांची ध्वजनौका होती. याच नौकेवरून त्यांनी १८३९ मध्ये कराची ताब्यात घेतली आणि त्याच वर्षी मुंबईजवळच्या समुद्रात याच नौकेवर त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे दफन मुंबईत झाले.

जन्म व घराणे

मेटलंड यांचा जन्म स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यात रँकीलर येथे झाला. त्यांचे वडील, त्यांचेही नाव फ्रेडरिक लुईस मेटलंड, शाही नौदलात कॅप्टन होते आणि सहाव्या लॉडरडेल अर्लचे पुत्र होते. त्या काळी ब्रिटिश नौदलात अधिकारी होऊ इच्छिणारी मुले बहुधा बारा-तेरा वर्षांची असतानाच जहाजावर जात. नौकानयन, तोफखाना आणि खगोलीय निरीक्षणांवरून जहाजाचे स्थान काढण्याची विद्या ती प्रत्यक्ष कामातून शिकत. मेटलंड यांचे शिक्षणही याच पद्धतीने झाले.

१८०४ मध्ये त्यांचा विवाह आयर्लंडमधील कॅथरिन कॉनर यांच्याशी झाला. त्यांचे एकुलते अपत्य बालपणीच वारले.

फ्रान्सविरुद्धच्या युद्धांतील सेवा

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९३ मध्ये सुरू झालेले इंग्लंड-फ्रान्स युद्ध अल्प खंड वगळता १८१५ पर्यंत चालले. मेटलंड यांची नौदलातील उमेदीची वर्षे या युद्धातच गेली. १ जून, १७९४ रोजी अटलांटिक महासागरात झालेल्या मोठ्या नाविक लढाईत ते 'साउथॅम्प्टन' या फ्रिगेटवर होते. एप्रिल १७९५ मध्ये त्यांना लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला. पुढे 'किंगफिशर' या लहान युद्धनौकेवर ते पहिले लेफ्टनंट होते. डिसेंबर १७९८ मध्ये, जहाज तात्पुरते त्यांच्या हाताखाली असताना, पोर्तुगालमधील टॅगस नदीच्या मुखाशी ते फुटले. जहाज गमावणाऱ्या अधिकाऱ्याची लष्करी न्यायालयापुढे चौकशी होणे हा नौदलाचा नियम होता. या चौकशीत मेटलंड सन्मानाने निर्दोष ठरले. यानंतर भूमध्य समुद्रातील आरमाराचे सरसेनापती लॉर्ड सेंट व्हिन्सेंट यांनी त्यांना आपल्या ध्वजनौकेवर लेफ्टनंट म्हणून घेतले.

जुलै १७९९ मध्ये फ्रान्स व स्पेनच्या संयुक्त आरमाराची टेहळणी करण्यासाठी गेले असता मेटलंड स्पॅनिशांच्या हाती सापडले आणि त्यांना काडिझ बंदरात नेण्यात आले. ते सेंट व्हिन्सेंट यांचे अधिकारी आहेत हे कळल्यावर स्पॅनिश अ‍ॅडमिरल माझारेदो यांनी कैद्यांची अदलाबदल न मागता त्यांना परत पाठवले. शत्रूच्या अधिकाऱ्याशी सौजन्याने वागण्याचा जो संकेत त्या काळी पाळला जात असे, त्याचा अनुभव मेटलंड यांना असा प्रथम कैदी म्हणून आला.

८ मार्च, १८०१ रोजी ब्रिटिश फौज इजिप्तमध्ये अबुकीरच्या किनाऱ्यावर उतरली. फौजेला संरक्षण देणाऱ्या सशस्त्र होड्यांचे नेतृत्व मेटलंड यांच्याकडे होते. त्याच महिन्यात त्यांना कॅप्टनपदी बढती मिळाली. जून १८०५ मध्ये, ते 'ल्वार' या फ्रिगेटचे कॅप्टन असताना, त्यांच्या नौसैनिकांनी स्पेनच्या मुरोस बंदरावरील किल्ला जिंकला. पुढे 'एमराल्ड' या फ्रिगेटवर असताना एप्रिल १८०९ मध्ये फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील बास्क रोड्स येथे फ्रेंच आरमारावर झालेल्या हल्ल्यात ते सहभागी होते. सहा वर्षांनी याच पाण्यात त्यांची नेपोलियनशी गाठ पडणार होती.

नेपोलियनची शरणागती

पार्श्वभूमी

१८१५ च्या प्रारंभी मेटलंड यांना उत्तर अमेरिकेकडे जायचे होते. त्यासाठी आयर्लंडमधील कॉर्क येथे जहाजांचा मोठा तांडा जमवण्यात आला होता, परंतु पश्चिमेकडून येणाऱ्या जोरदार वाऱ्यांमुळे तो निघू शकला नाही. वारे शमण्यापूर्वीच नेपोलियन एल्बा बेटावरून निसटून फ्रान्समध्ये परतल्याची बातमी आली. मेटलंड यांची बदली 'बेलेरोफॉन' नौकेवर झाली आणि मे महिन्यात ते फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याच्या नाकेबंदीसाठी निघाले. १७८६ मध्ये पाण्यात उतरवलेली ही ७४ तोफांची जुनी नौका नाईल आणि ट्रफाल्गर या दोन्ही लढायांत लढली होती.

१८ जून रोजी वॉटर्लू येथे पराभव झाल्यानंतर नेपोलियनने २२ जून रोजी दुसऱ्यांदा राज्यत्याग केला. जुलैच्या प्रारंभी तो रोशफोर बंदरात आला. तेथून फ्रेंच फ्रिगेटने अमेरिकेस जाण्याचा त्याचा विचार होता. परंतु बंदरातून बाहेर पडणारे प्रत्येक जहाज अडवून तपासण्याचा हुकूम मेटलंड यांना होता.

वाटाघाटी

१० जुलै रोजी नेपोलियनचे प्रतिनिधी साव्हारी आणि लास काझ पांढरे निशाण लावून 'बेलेरोफॉन'वर आले. नेपोलियनला अमेरिकेस जाऊ दिले जाईल काय, अशी विचारणा त्यांनी केली. मेटलंड यांनी तशी परवानगी देण्यास नकार दिला व हे प्रकरण आपले वरिष्ठ रिअर अ‍ॅडमिरल हॉथम यांना कळवले. १४ जुलै रोजी लास काझ पुन्हा आले, तेव्हा त्यांच्याबरोबर जनरल लालमां होते. मेटलंड यांनी त्यांना सांगितले की, नेपोलियनला जहाजावर घेऊन इंग्लंडला पोहोचवण्यास आपण तयार आहोत, परंतु तेथे त्याला कशी वागणूक मिळेल याविषयी कोणतीही अट मान्य करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

नेपोलियनने इंग्लंडच्या प्रिन्स रीजंटला पत्र लिहून त्याच्या आश्रयाची इच्छा व्यक्त केली. प्राचीन ग्रीक सेनानी थेमिस्टोक्लीस ज्याप्रमाणे आपल्या जुन्या शत्रूच्या आश्रयास गेला, त्याप्रमाणे आपण येत आहोत, अशी तुलना त्याने या पत्रात केली होती. १५ जुलैच्या सकाळी तो 'बेलेरोफॉन'वर चढला. सम्राटाला द्यावयाची मानवंदना मेटलंड यांनी दिली नाही. आपली मोठी केबिन मात्र त्यांनी त्याला वापरण्यास दिली.

जहाजावरील दिवस

नेपोलियन एकूण २४ दिवस या जहाजावर होता. २४ जुलै रोजी जहाज टोरबे येथे आणि दोन दिवसांनी प्लिमथ बंदरात पोहोचले. त्याला पाहण्यासाठी शेकडो होड्यांमधून लोक जहाजाभोवती गर्दी करू लागले. ३१ जुलै रोजी लॉर्ड कीथ आणि सर हेन्री बनबरी यांनी त्याला सेंट हेलेना बेटावर पाठवण्याचा सरकारी निर्णय कळवला. आपण कैदी नसून स्वेच्छेने आलेले पाहुणे आहोत, असे म्हणून नेपोलियनने या निर्णयाचा निषेध केला. एका न्यायालयीन समन्सच्या आधारे त्याला किनाऱ्यावर आणण्याचा प्रयत्न होण्याची शक्यता दिसताच ४ ऑगस्ट रोजी जहाज घाईने बंदराबाहेर नेण्यात आले. ७ ऑगस्ट रोजी नेपोलियनला 'नॉर्थम्बरलंड' या नौकेवर हलवण्यात आले.

निरोपापूर्वी नेपोलियनने आपले चित्र असलेली मौल्यवान डबी मेटलंड यांना भेट म्हणून देऊ केली. मेटलंड यांनी ती नम्रपणे नाकारली.

वचनाचा वाद

मेटलंड यांनी नेपोलियनला इंग्लंडमध्ये आश्रय मिळण्याची आशा दाखवली होती का, हा प्रश्न लगेचच उपस्थित झाला. लास काझ यांचे म्हणणे असे की, मेटलंड यांच्या बोलण्यावरून इंग्लंडमध्ये सन्मानाची वागणूक मिळेल असा समज होत होता आणि त्या विश्वासावरच नेपोलियन जहाजावर आला. मेटलंड यांनी हे ठामपणे नाकारले. ऑगस्ट १८१५ मध्ये लॉर्ड कीथ यांनी मागितलेल्या लेखी खुलाशात त्यांनी सांगितले की, आपल्याला अटी मान्य करण्याचा अधिकार नाही हे आपण स्पष्ट केले होते.

नेपोलियनबरोबर आलेल्यांपैकी साव्हारी आणि लालमां यांची नावे फ्रान्सच्या नव्या राजसत्तेने शिक्षेस पात्र ठरवलेल्यांच्या यादीत होती. इंग्लंड आपल्याला फ्रान्सच्या हवाली करील आणि तेथे आपल्याला मृत्युदंड होईल, अशी भीती त्यांना वाटत होती. मेटलंड यांनी नौदल खात्याचे प्रमुख लॉर्ड मेल्व्हिल यांना पत्र लिहून त्यांच्यासाठी रदबदली केली. हे दोघे ब्रिटिश निशाणाच्या संरक्षणाखाली आले असून त्यांना मृत्यूच्या दारी पाठवल्यास आपल्या स्वतःच्या अब्रूला बट्टा लागेल, अशी त्यांची भूमिका होती. दोघांना फ्रान्सच्या ताब्यात न देता माल्टा बेटावर पाठवण्यात आले. आपण कोणते वचन दिले नाही आणि जहाजावर घेतल्याने कोणती जबाबदारी आपल्यावर आली, या दोन बाबींमध्ये मेटलंड फरक करीत होते, हे या पत्रव्यवहारावरून दिसते.

लास काझ यांच्या सेंट हेलेनाविषयीच्या आठवणी १८२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यानंतर १८२६ मध्ये मेटलंड यांनी या घटनेचा स्वतःचा वृत्तांत पुस्तकरूपाने प्रकाशित केला. शरणागतीच्या अभ्यासासाठी हे पुस्तक आजही मूलभूत साधन मानले जाते. १९०४ मध्ये त्याची संपादित आवृत्ती निघाली.

शांततेचा काळ

१८१५ नंतर ब्रिटिश नौदलातील बहुसंख्य जहाजे कामातून काढण्यात आली आणि अनेक अधिकारी अर्ध्या वेतनावर घरी बसले. मेटलंड यांना मात्र अधूनमधून जहाजे मिळत राहिली. १८१८ पासून ते 'व्हँजर' या नौकेचे आणि पुढे 'जिनोआ' या नौकेचे कॅप्टन होते. 'व्हँजर'वरून त्यांनी दोन सिसिलींच्या राजाला नेपल्सहून इटलीच्या उत्तरेकडील लिव्होर्नो बंदरात पोहोचवले.

शाही नौदलात कॅप्टनच्या वरचा हुद्दा सेवाज्येष्ठतेने मिळत असे. कॅप्टन कितीही कर्तबगार असला तरी त्याला यादीतील आपल्यापूर्वीच्या नावांना बढती मिळेपर्यंत किंवा ती नावे कमी होईपर्यंत थांबावे लागे. त्यामुळे १८०१ मध्ये कॅप्टन झालेले मेटलंड २२ जुलै, १८३० रोजी रिअर अ‍ॅडमिरल झाले. त्याच वर्षी त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १८३२ ते १८३७ या काळात त्यांनी पोर्टस्मथच्या शाही गोदीचा कारभार सांभाळला.

ईस्ट इंडीज ठाण्याचे सरसेनापती

२० जून, १८३७ रोजी व्हिक्टोरिया राणी झाली. पुढच्याच महिन्यात मेटलंड यांची ईस्ट इंडीज व चीन ठाण्यावर नेमणूक झाली. या ठाण्याच्या कार्यक्षेत्रात हिंदी महासागर, इराणचे आखात आणि चीनचा समुद्र येत असे. श्रीलंकेतील त्रिंकोमाली हा शाही नौदलाचा या भागातील प्रमुख तळ होता, तर मुंबई हे ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वतंत्र आरमाराचे केंद्र होते. हे आरमार १८३० पासून 'इंडियन नेव्ही' या नावाने ओळखले जात असे. कंपनीच्या मोहिमांमध्ये ही दोन्ही आरमारे अनेकदा एकत्र काम करीत.

ध्वजनौका 'वेलस्ली' आणि मुंबईची गोदी

ज्या नौकेवर अ‍ॅडमिरलचा ध्वज फडकतो, तिला ध्वजनौका म्हणतात. मेटलंड यांची ध्वजनौका 'वेलस्ली' ही ७४ तोफांची होती आणि तिचे कॅप्टन त्यांचे नातलग टॉमस मेटलंड हे होते. ती मुंबईच्या गोदीत सागवानी लाकडात बांधलेली होती. सुरतेहून १७३६ मध्ये मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्यापासून या गोदीतील जहाजबांधणी वाडिया घराण्याकडे होती. लवजींचे नातू जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली 'वेलस्ली' तयार झाली आणि २४ फेब्रुवारी, १८१५ रोजी पाण्यात उतरवण्यात आली. सागवान खाऱ्या पाण्यात ओकपेक्षा अधिक टिकत असल्याने मुंबईत बांधलेल्या नौकांना शाही नौदलात मागणी होती.

नौकेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन आर्थर वेलस्ली यांचे नाव दिले होते. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात याच वेलस्ली यांनी १२ ऑगस्ट, १८०३ रोजी दौलतराव शिंदे यांच्या ताब्यातील अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर) भुईकोट किल्ला घेतला होता आणि २३ सप्टेंबर रोजी असईची लढाई जिंकली होती. बारा वर्षांनी वॉटर्लू येथे नेपोलियनविरुद्ध लढलेल्या ब्रिटिश सैन्याचे सेनापती तेच होते. अशा प्रकारे नेपोलियनला आपल्या जहाजावर स्वीकारणाऱ्या मेटलंड यांची अखेरची नौका नेपोलियनला पराभूत करणाऱ्या सेनापतीच्या नावाची होती.

चीनच्या किनाऱ्यावर

१८३८ च्या उन्हाळ्यात मेटलंड चीनच्या किनाऱ्यावर गेले. कँटन येथील अफूच्या व्यापारावरून तेव्हा चिनी अधिकारी आणि ब्रिटिश व्यापारी यांच्यातील संबंध ताणलेले होते. जुलैच्या अखेरीस 'बॉम्बे' नावाच्या एका प्रवासी होडीवर नदीच्या मुखाजवळील बोग किल्ल्यांतून तोफ डागून तिला थांबवण्यात आले आणि मेटलंड किंवा त्यांची माणसे होडीत आहेत काय, याची तपासणी झाली. मेटलंड यांनी आपली जहाजे किल्ल्यांसमोर आणून खुलासा मागितला. चिनी अ‍ॅडमिरल ग्वान तिएनपेई यांनी आपले अधिकारी 'वेलस्ली'वर पाठवले. त्यांनी झाल्या प्रकाराची जबाबदारी लेखी नाकारली आणि प्रकरण सौजन्याने मिटले. पहिले अफूचे युद्ध पुढच्या वर्षी सुरू झाले.

कराचीचा ताबा

जानेवारी १८३९ मध्ये मुंबईहून गेलेल्या सैन्याने व नौदलाच्या जहाजांनी एडन बंदर जिंकले आणि ते मुंबई सरकारच्या अखत्यारीत आले. त्याच सुमारास पहिल्या अफगाण युद्धासाठी मुंबईची फौज सिंधमार्गे पुढे सरकत होती. या फौजेला सुरक्षित बंदर हवे होते. सिंधवर तेव्हा तालपूर घराण्यातील मीरांची सत्ता होती.

फेब्रुवारी १८३९ च्या प्रारंभी 'वेलस्ली' कराचीच्या मनोरा किल्ल्यासमोर येऊन उभी राहिली. किल्ला स्वाधीन करण्याची मागणी नाकारली गेल्यावर नौकेने एका बाजूच्या सर्व तोफांचा मारा केला. समुद्राकडील तट थोड्याच वेळात ढासळला. किल्ल्यात मूठभर शिबंदीच होती. किल्ल्यातून प्रथम तोफ डागली गेली, असे कारण ब्रिटिशांनी दिले होते. मात्र मोठे जहाज दृष्टीस पडल्यावर बिनगोळ्याची तोफ उडवून शहराला सूचना देण्याची तेथील रीत होती आणि तीच शत्रुत्वाची कृती समजली गेली, असेही मत मांडण्यात आले आहे. ३ फेब्रुवारी रोजी शहर ब्रिटिशांच्या ताब्यात गेले.

या घटनेचे परिणाम दूरगामी ठरले. १८४३ मध्ये ब्रिटिशांनी संपूर्ण सिंध खालसा केला. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्यास जोडण्यात आला आणि १९३६ पर्यंत त्याचा कारभार मुंबईहून चालला.

बुशहर

कराचीनंतर मेटलंड इराणच्या आखातात गेले. हेरातच्या प्रश्नावरून इराण आणि ब्रिटन यांचे संबंध बिघडलेले होते. बुशहर बंदरात दंगे उसळल्यावर मेटलंड यांनी नौसैनिक किनाऱ्यावर उतरवून ब्रिटिश रेसिडेंट व त्यांच्या कर्मचाऱ्यांना सुरक्षितपणे बाहेर काढले.

मृत्यू व स्मारक

३० नोव्हेंबर, १८३९ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात 'वेलस्ली' नौकेवर मेटलंड यांचे निधन झाले. तेव्हा ते ६२ वर्षांचे होते. मुंबईत त्यांचे दफन झाले आणि वर्गणी जमवून त्यांचे स्मारक उभारण्यात आले. हे स्मारक हॉर्निमन सर्कलजवळील सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये आहे.

त्यांच्या मृत्यूनंतरही 'वेलस्ली' सेवेत राहिली. जुलै १८४० मध्ये चीनमधील चुशान बेट जिंकणाऱ्या आरमारात ती होती. १८६८ पासून 'कॉर्नवॉल' या नावाने तिचा प्रशिक्षण जहाज म्हणून उपयोग होऊ लागला. सप्टेंबर १९४० मध्ये थेम्स नदीत जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यात ती बुडाली. शत्रूच्या कारवाईत बुडालेली ही शिडाच्या मोठ्या युद्धनौकांपैकी शेवटची नौका होय. तिचे काही लाकूड पुढे लंडनमधील न्यायालयाच्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी वापरले गेले आणि तिच्या नाळेवरील पुतळा चॅटम येथील ऐतिहासिक गोदीत आहे.

मूल्यमापन

ब्रिटिश इतिहासात मेटलंड यांचे नाव प्रामुख्याने नेपोलियनच्या शरणागतीशी जोडले जाते. चार्ल्स ईस्टलेक यांनी १८१५ मध्ये आणि विल्यम ऑर्चर्डसन यांनी १८८० मध्ये 'बेलेरोफॉन'वरील नेपोलियनची चित्रे रंगवली आणि तो प्रसंग लोकांच्या स्मरणात राहिला. महाराष्ट्राच्या व भारताच्या दृष्टीने मात्र त्यांची अखेरची दोन वर्षे अधिक महत्त्वाची आहेत. मुंबईच्या कारागिरांनी बांधलेली नौका आणि मुंबईहून निघालेली फौज यांच्या बळावर ब्रिटिश सत्ता सिंध व अरबी समुद्राच्या किनाऱ्यांवर कशी पसरली, हे या काळातील घटनांतून दिसते.

१८१५ मध्ये मेटलंड यांनी आपल्या अधिकाराची मर्यादा समोरच्याला आधीच सांगितली होती. १८३८ मध्ये चीनच्या किनाऱ्यावर त्यांनी खुलासा मिळाल्यावर माघार घेतली. १८३९ मध्ये कराचीसमोर मात्र त्यांनी तोफांचा आधार घेतला. एकाच अधिकाऱ्याच्या वागण्यातील हा फरक पाहताना, युरोपातील पराभूत सम्राट आणि सिंधमधील लहानशी शिबंदी यांना त्या काळचे साम्राज्य एकाच मापाने मोजत नव्हते, ही गोष्टही लक्षात घ्यावी लागते.